जुन्या ट्रॅक्टरची दुसरी दांडी: जोड गिअरबॉक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहोळजवळ आमच्या वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये चार जुने ट्रॅक्टर उभे आहेत: एक करडा फर्ग्युसन, एक मॅसी ३५, एक महिंद्राचा बी-२७५ आणि कुठून कुठून फिरत आलेला फोर्ड ८एन. तीन चालतात. चौथा त्याच्या मनात आलं तर चालतो. गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे एक चक्कर शेडकडे मारतात, ८एनवर बसून फोटो काढतात आणि हमखास विचारतात, ‘ही दुसरी दांडी कशाची हो?’ गेल्या काही वर्षांत याच प्रश्नाची इतकी पोरंबाळं झाली, की ती एकदा लिहून काढलेली बरी.

ही दुसरी दांडी म्हणजे नक्की काय?

इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जाताना मुख्य गिअरबॉक्समधून जातोच. त्या वाटेवर आणखी एक छोटी पेटी बसवलेली असेल, तर तिला जोड गिअरबॉक्स म्हणायचं. तिच्यात दोन किंवा फार तर तीन वेग असतात. मुख्य पेटीतला प्रत्येक गिअर तिच्यामुळे दुप्पट किंवा तिप्पट होतो. म्हणजे ४ गिअरच्या ट्रॅक्टरला दोन वेगांची जोड पेटी लावली की ८, तीन वेगांची लावली की १२. आपल्याकडे गॅरेजवाले सरसकट ‘हाय-लो’ म्हणतात. बोलायला सोपं आहे, पण सगळ्या जोड पेट्या हाय-लो नसतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मूळ कंपनीनेच जास्त गिअर का दिले नाहीत?

स्वस्त आणि हलका ट्रॅक्टर विकायचा होता म्हणून. १९३९ साली आलेल्या फोर्ड ९एनला पुढचे गिअर तीनच होते. १९४७च्या ८एनला चार झाले. फर्ग्युसन टीई-२० इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनला, त्यालाही चारच. मऊ, कोरड्या रानात हे भागतं. पण आपल्या काळ्या रानात परतीच्या पावसानंतर ज्वारीची पेरणी करायला जा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरतं आणि पहिल्यात पेरणी संपता संपत नाही. मधला गिअर हवा असतो आणि तो नसतोच. अमेरिकेतल्या शेतकऱ्यालाही हीच अडचण होती, म्हणून तिथे बाहेरच्या कंपन्यांनी जोड पेट्या काढल्या. मिशिगनमधल्या रॉयल ओकच्या शर्मन प्रॉडक्ट्सची पेटी त्यांतली सगळ्यांत गाजलेली. फोर्डच्या ९एन, २एन, ८एन या मालिकेसाठी ती बनायची.

वेग वाढवणारी, कमी करणारी, दोन्ही करणारी: फरक कसा ओळखायचा?

दांडीच्या जागा मोजा. दोनच जागा असतील तर एक जागा ‘सरळ’, म्हणजे जोर जसा आला तसा पुढे देणारी, आणि दुसरी एकतर वेग वाढवते किंवा कमी करते. तीन जागा असतील तर मिश्र पेटी: वर, सरळ, खाली. शर्मनने तिन्ही प्रकार बनवले. दोन जागांच्या मधे कुठेही न अडकणारी मोकळी जागा लागते, ती न्यूट्रल. ती वेगळी मोजू नका.

यापेक्षा महत्त्वाचा फरक किती पटीचा आहे हा. दोन वेगांमध्ये दीडपटीच्या आसपास अंतर असेल तर ती पेटी मुख्य गिअरांच्या मधल्या फटी भरते, म्हणजे दुसरा आणि तिसरा यांच्यामध्ये ‘अडीचावा’ गिअर देते. अंतर तीन-चारपट असेल तर ती सगळी शिडीच उचलून खाली ठेवते: तेच गिअर, पण सगळे मंद. पहिली पेटी दिवसभर चालवत खालीवर करायची असते. दुसरी कामाला लागताना एकदा ठरवून टाकायची. माणसं नेमकी उलटी वापरतात.

बाहेरून बघून कळतं का?

अर्धं कळतं. आधी मॉडेल पक्कं करा, कारण मुख्य गिअर किती हवेत हे माहीत असल्याशिवाय ‘जास्तीचा’ कुठला ते कळणार नाही. टीई-२०च्या पाटीवरची अक्षरं बघा: टीईए म्हणजे पेट्रोल, टीईडी म्हणजे रॉकेलसारख्या व्हेपरायझिंग तेलावर चालणारा, टीईएफ म्हणजे १९५१ पासूनचा डिझेल. हे तिन्ही चार गिअरचे. त्यावर मुख्य दांडीखेरीज गिअरसारखी वागणारी दुसरी दांडी दिसली, तर ती नंतर बसवलेली आहे.

फसवणाऱ्या दांड्याही असतात. फर्ग्युसनच्या सीटखालची दांडी हायड्रॉलिकची, म्हणजे अवजार उचलायची असते. बाजूची पीटीओची, म्हणजे अवजाराला इंजिनाचा जोर देणारा मागचा शाफ्ट जोडायची. ८एनवर कुणीतरी भलत्याच कामाला वेल्ड केलेली सळईसुद्धा मी पाहिली आहे. तिला ‘शर्मन’ म्हणून वीस मिनिटं कौतुकाने पुसणारे एक काकाही पाहिलेत. दांडी हलवल्यावर चाकाचा वेग बदलला तरच ती गिअरची.

मग पट कशी मोजायची?

इंजिन बंद ठेवूनच मोजायची. ट्रॅक्टर सपाट जागेवर, पुढच्या चाकांना आणि मागच्या एका चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे. मागचं दुसरं चाक जॅकवर उचला, खाली पक्का ठोकळा ठेवा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. प्लग काढा, डिझेल असेल तर नोझल काढा, म्हणजे इंजिन हाताने फिरेल. उचललेल्या चाकावर खडूने एक रेघ मारा, तशीच क्रँकच्या पुलीवर.

आता मुख्य दांडी कुठल्याही एका गिअरमध्ये ठेवा आणि ती तिथेच राहू द्या. जोड दांडी ‘सरळ’ ठेवून चाकाचा एक फेरा पुरा व्हायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते मोजा. मग जोड दांडी खाली टाकून पुन्हा मोजा. समजा आधी ३० लागले आणि नंतर ४५, तर पट ४५ भागिले ३०, म्हणजे दीड. झालं काम.

इथे अनेकांची एक चूक होते. एकच चाक उचलल्यामुळे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारी व्यवस्था) त्या चाकाला दुप्पट वेगाने फिरवतं. म्हणून मिळालेला आकडा पुस्तकातल्या एकूण गुणोत्तराच्या निम्मा येतो. पुस्तकात ६० लिहिलेलं, आपल्याकडे ३० आले, म्हणून गिअर बदललेत असं समजून पेटी उघडणारे लोक आहेत. दोन वाचनांची तुलना करताना मात्र ही दुप्पट दोन्हीकडे असल्यामुळे कटून जाते.

रानात मोजायचं असेल तर आणखी सोपं: ३० मीटर टेपने आखा, एकाच थ्रॉटलवर किती सेकंद लागतात ते बघा, मीटर भागिले सेकंद गुणिले ३.६. छत्तीस सेकंद लागले तर तासाला ३ किलोमीटर.

सगळ्यांत आधी काय तपासायचं?

पेटी पीटीओच्या आधी आहे की नंतर. गिअर किती, कंपनी कुठली, हे सगळं नंतर. पेटी कुठे बसली आहे यावर ती तुमच्या कामाची आहे की नुसती शोभेची हे ठरतं.

शर्मनची पेटी क्लचच्या मागे आणि मुख्य गिअरबॉक्सच्या पुढे बसते. ८एनचा पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. म्हणजे जोड पेटीने वेग कमी केला की चाकांबरोबर पीटीओही मंद होतो. वेग वाढवला की पीटीओही पळतो. त्यात ८एनचा हायड्रॉलिक पंपही पीटीओच्याच शाफ्टवर, त्यामुळे जोड दांडी न्यूट्रलमध्ये राहिली तर नांगर उचलतच नाही. मग माणूस हायड्रॉलिकचे सील बदलत बसतो. आमच्याकडे एक गृहस्थ अख्खा पंप खोलून घेऊन आले होते. शेवटी दांडी दोन बोटं पुढे ढकलली आणि नांगर उचलला.

याउलट मॅसी ३५चा हाय-लो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, पीटीओचा जोर निघून गेल्यावर येतो. तिथे लोमध्ये टाकलं तरी पीटीओ तितकाच फिरतो.

हे घरी कसं ओळखायचं?

वरच्या मोजणीसारखंच, इंजिन बंद ठेवून. पीटीओची दांडी लावा, मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, पीटीओच्या शाफ्टवर खडूची खूण करा आणि इंजिन हाताने फिरवून फेरे मोजा. जोड दांडी बदलून पुन्हा मोजा. फरक पडला, किंवा जोड न्यूट्रलमध्ये पीटीओ फिरलाच नाही, तर पेटी पीटीओच्या आधी आहे. इंजिन चालू ठेवून वाकून बघण्याचा मोह होतो, तो आवरा. उपरण्याचा शेव शाफ्टमध्ये अडकायला वेळ लागत नाही, आणि शाफ्ट मग काहीच सोडत नाही.

शर्मनचा ‘खाली’ लावून रोटाव्हेटर मारता येईल का? चाल मंद मिळते ना.

मिळते, पण रोटरही मंद होतो, मग त्या मंद चालीचा उपयोग काय? रोटाव्हेटरला हवं असतं जमिनीवर हळू चालणं आणि पात्यांचं जोरात फिरणं. ८एनचा पीटीओ मिनिटाला इंजिनाच्या १,५०० फेऱ्यांना ५४० देतो. मधे दीडपट कमी करणारी पेटी आली की त्याच थ्रॉटलला ३६० उरतात. ५४० परत मिळवायचे तर इंजिन २,२५० पर्यंत न्यावं लागेल, आणि त्याचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे आवरणारा भाग, साधारण २,२०० वर थांबतो. ढेकळं तशीच राहतात, इंधन मात्र जातं.

रोटाव्हेटरच करायचा असेल तर पीटीओनंतर वेग कमी करणारी व्यवस्था हवी: मॅसी ३५सारखा हाय-लो, किंवा मुळातच मंद पहिला गिअर असलेला ट्रॅक्टर. ८एनची शर्मन नांगरटीला, कोळपणीला आणि ट्रॉलीला ठेवा.

आणि ‘वर’ लावून मळणी यंत्र?

उलटं गणित. १,५०० फेऱ्यांना पीटीओ ८१० वर जाईल. यंत्राच्या ड्रमचे दात, पट्टे, बेअरिंग आणि शेजारी उभी असलेली माणसं, कुणालाच ते परवडणारं नाही. कुणी हुशारी करून इंजिन १,००० फेऱ्यांवर ठेवून ५४० मिळवतात आणि इंधन वाचतं म्हणतात. हलक्या कामाला, पाण्याच्या छोट्या पंपाला चालेल. कणसांचा लोंढा आत गेला की इतक्या कमी फेऱ्यांवर इंजिनात ताकदच नसते, ते बसतं. शिवाय थ्रॉटल कुणी चुकून पुढे ढकलला तर? मी तरी मळणीच्या वेळी जोड दांडी सरळमध्ये ठेवून तिला तारेने बांधतो. दिसायला वाईट दिसतं, दिसू दे.

मॅसी ३५चा हाय-लो हा जोड गिअरबॉक्सच का? तो तर कंपनीचाच आहे.

हो, कारखान्यातूनच बसवलेला जोड गिअरबॉक्स. तीन गिअरच्या मुख्य पेटीमागे ग्रहमालेसारखी व्यवस्था: मधे सूर्य गिअर, भोवती फिरणारे ग्रह गिअर, बाहेर कड्याच्या आतले दात. लोमध्ये चाल साधारण चौपट कमी होते. म्हणून ६ पुढचे आणि २ मागचे गिअर. शिडी बघा: लो एक, लो दोन, लो तीन, मग हाय एक, हाय दोन, हाय तीन. एकही वेग दुसऱ्यावर चढत नाही. याला मी सुंदर रचना म्हणतो, आणि शेडमध्ये मला सगळ्यांत आवडणारा तोच आहे, जरी त्याचं सुरुवातीचं ४ सिलिंडरचं डिझेल इंजिन थंडीत चालू करताना शिव्या खायचं. १९५९च्या अखेरीस तीन सिलिंडरचं पर्किन्स आलं तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास घेतला.

हायमध्ये जोर ग्रहमालेला वगळून सरळ पुढे जातो, तिच्या दातांवर भार येतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे आवाजाच्या प्रश्नात लागेल.

बी-२७५ला दोन दांड्या आहेत. त्यात कुणी काही बसवलंय का?

नाही. बी-२७५ मुळातच दोन दांड्यांचा: चार गिअर आणि हाय-लो, म्हणून ८ पुढचे, २ मागचे. आपल्याकडे महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर हा बनवला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तो गावोगाव पसरला. फोर्डसन डेक्स्टाही असाच, तीन गुणिले दोन, म्हणजे सहा. फोर्ड ३०००चेही ८ आणि २. या सगळ्यांवर ‘जुनं अमेरिकन जोड गिअरबॉक्स बसवलंय’ म्हणून कुणी जास्तीचे पैसे मागत असेल, तर चहा पिऊन परत या.

रशियन ट्रॅक्टरला तर अठरा गिअर म्हणतात.

एमटीझेड-८० ला खरंच १८ पुढचे आणि ४ मागचे आहेत. नऊ गिअर आणि वर वेग कमी करणारा एक रिड्यूसर. त्यातले नेमके किती तुम्ही वापराल हा वेगळा प्रश्न. आमच्या पंचक्रोशीत ज्यांच्याकडे होता ते पाच वापरायचे.

क्लच न दाबता बदलणारी जोड पेटी असते म्हणे?

असते, आणि ती चालवायला मजेदार पण समजून घ्यायला अवघड. इंटरनॅशनलच्या फार्मॉल सुपर एम-टीएवर १९५४ साली ‘टॉर्क ॲम्प्लिफायर’ (टीए) आला. चालता चालता दांडी ओढली की चाल १.४८ पट कमी, ताकद तेवढी जास्त, आणि पीटीओ तसाच. नांगरताना कठीण पट्टा आला की ओढायचं, मऊ लागला की सोडायचं. मॅसीने १९६२ मध्ये ‘मल्टी-पॉवर’ आणलं, तेही चालता चालता बदलणारं, पण तेलाच्या दाबावर. त्याने मॅसीचे सहाचे बारा गिअर होतात.

या दोघांत एक सापळा आहे आणि तो माहीत नसेल तर जीव जातो. खालच्या वेगात जोर एका दिशेनेच पकडणाऱ्या क्लचमधून जातो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. इंजिन चाकाला ढकलतं, पण चाक इंजिनाला ढकलायला लागलं की ते सुटतं. म्हणजे उतारावर इंजिन ब्रेकसारखं धरत नाही. बाकी सगळ्या जोड पेट्यांमध्ये ‘लोमध्ये टाक, सावकाश उतरेल’ हे खरं आहे, इथे ते नेमकं उलटं आहे. उतारावर टीए किंवा मल्टी-पॉवर वरच्या वेगात ठेवा. आणि असा ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून ‘उभा राहील’ म्हणून सोडून जाऊ नका, हँडब्रेक लावा आणि चाकाखाली दगड घाला.

साधी जोड दांडी चालता चालता बदलायची का?

नाही. शर्मन, मॅसी ३५चा हाय-लो, बी-२७५, सगळ्यांना थांबून, क्लच पूर्ण दाबून. यात सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आधी जुळवून घेणारी व्यवस्था, नाही. चालू ट्रॅक्टरमध्ये बदलताना ‘खर्र’ असा आवाज येतो तो गिअरच्या दातांची टोकं खाण्याचा. प्रत्येक वेळी थोडं थोडं. दहा वर्षांनी गिअर उडायला लागतो आणि मग आपण मिस्त्रीला दोष देतो.

दांडी जात नसेल तर जोर लावू नका. क्लच सोडून पुन्हा दाबा, म्हणजे आतले शाफ्ट थोडे सरकतील, मग टाका.

उसाची ट्रॉली घेऊन उतारावर?

उतार लागायच्या आधी थांबा, जो गिअर लागेल तो दोन्ही दांड्यांवर ठरवा आणि उतार संपेपर्यंत दोन्हीपैकी एकालाही हात लावू नका. दोन दांड्या म्हणजे दोन न्यूट्रल. जोड दांडी बदलायला गेलात आणि मधे अडकली, तर मुख्य गिअरमध्ये असूनही ट्रॅक्टर मोकळा सुटतो. मागे भरलेली ट्रॉली. जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये ती अडवण्याची ताकद नसते, आणि दोन्ही ब्रेकची पेडलं जोडलेली नसतील तर एकच चाक अडून ट्रॅक्टर आडवा होतो. गाळप हंगामात भीमेच्या काठच्या कुठल्याही गावात विचारा, अशी एक तरी गोष्ट सांगतील.

आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

लोमध्ये टाकलं की ट्रॅक्टरची ताकद वाढते का?

इंजिनाची नाही. घोडाशक्ती तेवढीच. चाकावर येणारी ओढ मात्र वाढते, कारण चाल कमी होते. लोक विसरतात ते हे, की ही वाढलेली ओढ पेटीपासून चाकापर्यंतच्या प्रत्येक भागाला सोसावी लागते. शर्मन मुख्य गिअरबॉक्सच्या आधी असल्यामुळे तिच्यातली कमी चाल आणि मुख्य पहिला गिअर एकत्र केले, तर मुख्य पेटीच्या दातांवर, डिफरन्शियलवर आणि मागच्या शाफ्टवर मूळ कारखान्याने कधी धरलाच नव्हता इतका भार येतो. ८एन काही २५-३० घोड्यांचा हलका ट्रॅक्टर. त्याचं वजन कमी, म्हणून एरवी चाक घसरून तो स्वतःला वाचवतो. तुम्ही टायरमध्ये पाणी भरलं, चाकाला वजनं लावली, की तो वाचण्याचा रस्ता बंद. मग तुटतं.

माझा नियम असा: शर्मन खाली असताना मुख्य पहिला फक्त सरपटत जागा बदलायला किंवा ट्रॉली हुकला लावायला. जड ओढीला मुख्य दुसरा आणि तिसरा.

कुंदा-हरळीच्या रानात खोल नांगरट करताना पुढची चाकं उचलतात. लोमुळे होतं का?

लोमुळे अधिक सहज होतं. चाक जमिनीत रुतलं आणि पुढे जाऊ शकलं नाही, की चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला बघतो, म्हणजे नाक वर. वरच्या गिअरमध्ये इंजिन आधी बंद पडतं. लोमध्ये ते बंद पडत नाही, ओढत राहतं. म्हणून ओढ नेहमी खालच्या ठरलेल्या ड्रॉबारला, मागच्या चाकांच्या आसाखाली. साखळी वरच्या लिंकच्या जागी किंवा सीटखाली कुठेतरी बांधून झाड उपटायला जाणारे ट्रॅक्टरसकट मागे पालथे झालेत. नाक उचललं की पहिलं काम क्लच दाबणं, थ्रॉटल नंतर.

घरघर आवाज येतोय. मुख्य पेटी की जोड पेटी?

जोड दांडी बदलून ऐका. सरळमध्ये (किंवा मॅसीच्या हायमध्ये) शांत आणि लोमध्ये घरघर, तर दोष जोड पेटीत, कारण सरळमध्ये तिचे गिअर भार घेतच नाहीत. दोन्हीकडे सारखाच आवाज, पण मुख्य गिअर बदलला की बदलतो, तर मुख्य पेटी. सगळीकडे, सगळ्या गिअरमध्ये आणि वळताना वाढणारा आवाज असेल तर मागे डिफरन्शियलकडे बघा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबला की थांबणारा आवाज पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा असतो.

गिअर आपोआप उडतो.

आधी सोपं तपासा: दांडी जागेवर धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग. पन्नास-साठ वर्षांत स्प्रिंग थकते, ती स्वस्त असते. मग गिअर सरकवणारा फोर्क झिजला का, शाफ्टला पुढे-मागे किती खेळ आहे, आणि शेवटी दातांची टोकं गोल झालीत का. दांडीला रबर बांधून ‘उडायचा थांबला’ म्हणणाऱ्यांनी फक्त झीज लांबवलेली नसते, वाढवलेली असते.

तेल कुठलं आणि वेगळं टाकायचं का?

८एन, टीई-२० आणि मॅसी ३५मध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात. शर्मनही त्याच तेलात. म्हणजे जोड पेटीतून निघालेला धातूचा चुरा हायड्रॉलिक पंपात जाऊ शकतो. तेल काढताना खाली स्वच्छ पत्र्याचं ताट ठेवा आणि तळाशी काय बसलंय ते बोटाने चोळून बघा. चमचम पीठ आलं तर वय झालं, तुकडे आले तर पेटी उघडायची.

तेल दुधासारखं पांढरं असेल तर पाणी गेलंय. आपल्याकडे ट्रॅक्टर उन्हात-पावसात बाहेर राहतो, दांडीच्या भोकातून पावसाचं पाणी आणि फुफाटा दोन्ही आत जातात. दांडीच्या बुडाचं रबरी आवरण फाटलेलं असेल तर आजच बदला. आणि पितळी बुश असलेल्या जुन्या पेट्यांना फार तिखट ईपी (जास्त दाब सोसणारं) तेल घालू नका, ते पितळ खातं.

ट्रकचा किंवा जीपचा जुना गिअरबॉक्स मधे जोडून हाय-लो बनवता येईल का?

येतो, आणि मी बनवलाही. एका वर्कशॉपवाल्याने भंगारातली पेटी मधे घालून दिली, शाफ्टची केंद्रं नीट जुळवली नाहीत आणि वेल्ड केलेली प्लेट सरळ बसली नाही. पहिल्या दोन दिवसांत मी गावभर मिरवलो. तिसऱ्या दिवशी ट्रॉली ओढताना क्लचचं हाउसिंग तडकलं, आणि एक लाथ मारावी तसा सगळा ट्रॅक्टर थरथरला. या ट्रॅक्टरांना वेगळी चेसिस नाही. इंजिन, क्लचचं हाउसिंग, गिअरबॉक्स हेच त्याचं शरीर. मधे चुकीचा तुकडा घातला तर नुसती पेटी जात नाही, ट्रॅक्टर दोन तुकडे व्हायला निघतो. दोष त्याचा की माझा यावर घरी अजून एकमत नाही.

विकत घेताना काय बघू?

दांडी दोन्ही-तिन्ही जागी जाते का हे बंद ट्रॅक्टरवर बघा. मग चालवून, प्रत्येक जागेत, पुढे आणि मागे दोन्ही. रिव्हर्स विसरतात सगळे, आणि वेग वाढवणारी पेटी असेल तर रिव्हर्स भलताच पळतो, तेव्हा पहिल्यांदा मोकळ्या रानात. पीटीओचा शाफ्ट मोजा: ९एन-८एनचा मूळ शाफ्ट १ १/८ इंची असतो, आजची अवजारं १ ३/८ ची. मधे घातलेला ॲडॉप्टर किती लांब आहे ते बघा, लांब असेल तर अवजाराचा शाफ्ट छोटा पडतो. आणि आरसी बुक: १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का. इंजिन नंबर जुळत नसेल तर कितीही सुंदर शर्मन असली तरी सोडून द्या.

दांडी आहे, पण हलतच नाही. कापून टाकू का?

थांबा. बहुतेक वेळा वरची पिन गंजलेली असते किंवा आतला गिअर सरळमध्ये घट्ट बसलेला असतो. डिझेल आणि तेल सारखं मिसळून दांडीच्या बुडाशी सोडा, दोन-तीन दिवस रोज. मग क्लच दाबून, मुख्य गिअर लावून, ट्रॅक्टर माणसांनी एक-एक वीत पुढे-मागे ढकलायचा आणि त्याच वेळी दांडीला हलका दाब द्यायचा. हातोडा नको. आमच्या ८एनची दांडी अशीच पाचव्या दिवशी सुटली, शेजारच्या वस्तीवरची सहा पोरं ढकलायला होती, आणि सुटल्यावर आनंदात कुणीच ट्रॅक्टर थांबवला नाही. तो हळूच जाऊन कडब्याच्या गंजीत घुसला.